अर्धमिटे यांचे नऊ राखाडी

अर्धमिटे आणि लाँड्रीताई यांची पहिली भेट झाली तेव्हा गल्लीतली कबुतरं जी उडाली ती म्हणे समुद्र ओलांडूनच खाली बसली. समोरच्या न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर मध्येच थबकला आणि तो गृहस्थ पुढे जन्मभर अर्ध्या दाढीचा म्हणून ओळखला गेला. कोपऱ्यावरचा सिग्नल लाल झाला तो हिरवा व्हायलाच तयार होईना, आणि लाँड्रीतल्या ओल्या चादरी इस्त्रीची वाट न बघता धास्तीनेच वाळल्या. निदान ताई तरी हा प्रसंग असाच सांगत, आणि सांगताना दर वेळी कबुतरं आणखी एक समुद्र ओलांडत.

घडलं होतं ते एवढंच. राखाडी शर्टातला एक काटकुळा माणूस काउंटरशी येऊन उभा राहिला, कपड्यांची पिशवी त्याने खाली ठेवली, आणि कपडे कधी मिळतील हे विचारायचं सोडून डोळे अर्धे मिटून ताईंच्या चेहऱ्याकडे बघायला लागला. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकदा. मग मान तिरकी करून पुन्हा. मग एक पाऊल मागे सरून, डोळे आणखी बारीक करून, आणखी एकदा. ताईंचं निम्मं आयुष्य त्या काउंटरमागे गेलं होतं. डोळा मारणारे, डोळे चुकवणारे, डोळे वटारणारे असे सगळे प्रकार त्यांना पाठ होते. हा प्रकार नवा होता. त्यांनी गरम इस्त्री उचलली.

"डोळे नीट उघडा," त्या म्हणाल्या, "नाहीतर मी कायमचे मिटून देते."

"एक मिनिट, हलू नका," तो माणूस म्हणाला. "कपाळावर उजेड फार छान पडलाय. हनुवटीखाली मात्र काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"अंधार. नुसता गोळा."

आपल्या हनुवटीखाली काय आहे आणि काय नाही या विषयावर ताई मुळातच हळव्या होत्या. पिशवी रस्त्यावर गेली. पिशवीमागोमाग माणूस गेला. तासाभराने घरमालक खाली येऊन सांगून गेला की वरच्या खोलीत राहायला आलेले नवे भाडेकरू ते हेच, आणि ते लोकांच्या फोटोंवरून कॉम्प्युटरवर चित्रं काढतात, तेव्हा त्यांनी बघितलं तर मनावर घेऊ नये, ते विजेच्या खांबाकडेसुद्धा असंच बघतात. आठवड्याच्या आत अख्ख्या गल्लीने त्यांचं नाव अर्धमिटे ठेवलं. खरं आडनाव विजेच्या बिलावर छापून येई, पण बिल कोण वाचतं. सगळे आकडा बघतात आणि हाय खातात.

अर्धमिट्यांची तरुणपणाची वर्षं एका फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत गेली होती. तिथे कागदावर माणसं हळूहळू उगवताना बघायची त्यांना इतकी सवय लागली की दाराने एकदम आत येणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वासच बसत नसे. स्टुडिओ बंद पडला तेव्हा त्यांनी एक टॅबलेट घेतला, काचेवर चालणारं पेन घेतलं, आणि पहिलं काम काय केलं, तर सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनचे सगळे रंग बंद करून टाकले. लोक घरातला पसारा आवरतात तसे. त्यांचं म्हणणं, चेहरा ओळखू येतो तो उजेड-अंधारावर. रंग मागून येतात, पाहुण्यांसारखे, आणि पाहुण्यांसारखेच नको तिथे बसतात. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत त्यांच्या नऊ पायऱ्या होत्या, नऊ राखाडी, आणि जगातला कुठलाही माणूस त्या नऊ पायऱ्यांवर आणून बसवता येतो अशी त्यांची खात्री होती. शर्टही त्याच हिशेबाने नऊ होते. ताईंनी ते दोरीवर वाळत घातले की गल्लीत संध्याकाळ थोडी आधीच उतरल्यासारखी वाटायची.

भांडण हनुवटीवरून झालं होतं, मिटलं ते शर्टांवरून, कारण गल्लीत दुसरी लाँड्री नव्हती आणि शर्ट ताईंकडेच येत. एकदा अर्धमिटे एक शर्ट हातात धरून खाली आले.

"हा पाचवा नाही. हा चौथा आहे."

"तुमचाच आहे. धुतलाय म्हणून उजळला."

"म्हणजे आता माझ्याकडे दोन चौथे झाले आणि पाचवा गेला."

"थांबा, मळवून देते," ताई म्हणाल्या. हे त्या गंभीरपणे म्हणाल्या की थट्टेने, ते अर्धमिट्यांना कळेना, म्हणून ते थांबले. थांबले तसा ताईंनी त्यांना चहा दिला. चहा घेताना कपातल्या चहाकडेही त्यांनी डोळे मिटून बघितलं आणि "सातवा" असं म्हणाले.

ताईंची आई लाँड्रीच्या मागच्या खोलीत असे. तिच्या डोळ्यांच्या पडद्यावर डाग पडला होता आणि तो मधोमध सुरू होऊन बाहेर पसरत चालला होता. डॉक्टरांनी ताईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, औषध नाही, ऑपरेशन नाही. बारीकसारीक दिसणं गेलंच आहे, मोठा उजेड आणि मोठा अंधार तेवढा थोडे महिने दिसेल, मग तोही नाही. रंग तर केव्हाच गेले होते. आकाशी चादर आणि पिवळी चादर आईला एकच वाटायची, आणि त्या दोन्हींची घडी ती बोटांनी घालायची. तक्रार म्हणून ती करायची नाही. फक्त एकदा म्हणाली, "तुझ्या बाबांचा चेहरा आता मला आठवून आठवून बघावा लागतो. पूर्वी नुसता दिसायचा."

ते वाक्य ताईंच्या मनात रुतून बसलं. आईचे डोळे जायच्या आत तिला बाबा एकदा दिसायला हवेत. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना.

अडचण अशी की बाबांचा फोटोच नव्हता. बाबा नळदुरुस्ती करायचे. घरात कुणी कॅमेरा घेऊन आलं की ते हमखास कुणाच्या तरी सिंकखाली असायचे, त्यामुळे घरच्या सगळ्या फोटोंत आई, ताईंचा थोरला भाऊ दादा, ताई आणि एक रिकामी खुर्ची. एकच फोटो सापडला. सकाळी कामावर निघताना फाटकाशी शेजाऱ्याने काढलेला. डोक्यावर टोपी, खांद्यावर पाइप. टोपीची सावली निम्म्या चेहऱ्यावर अशी पडलेली की तिथे डोळा आहे की नाही सांगता येत नव्हतं, आणि उरलेल्या निम्म्यावर ऊन इतकं की नाक कुठे संपतं ते उन्हालाच माहीत. दादा हौसेने तो दुकानातून मोठा करून घेऊन आला. भिंतीवर लावला. आईने जवळून बघितलं, लांबून बघितलं, आणि विचारलं, "ही बादली कुणी टांगली?"

तो फोटो घेऊन ताई वर गेल्या. अर्धमिट्यांनी डोळे मिटून इतका वेळ बघितलं की ताईंना वाटलं, लागली डुलकी.

"तसाच काढून उपयोग नाही," शेवटी ते म्हणाले. "या फोटोतला काळा जसाच्या तसा उचलला तर तुमच्या बाबांच्या तोंडाला भोक पडेल. सावली म्हणजे भोक नव्हे. सावलीत माणूस असतो. कॅमेऱ्याला तो दिसत नाही, डोळ्याला दिसतो. तिथे कुणी होतं का त्या वेळी, डोळे असलेलं?"

"आई होती."

"मग त्यांनाच विचारू."

आईने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "तुम्हीच का ते, माझ्या लेकीच्या हनुवटीला नावं ठेवणारे?"

"हनुवटीला नाही हो, हनुवटीखालच्या अंधाराला."

"ते माझ्याकडून आलंय. विचारा काय विचारायचंय ते."

"टोपीच्या सावलीत जो डोळा होता, तो कसा होता?"

"डोळा होता, कसा असणार? दोन होते, दोन्ही सारखे." आई थोडी थांबली. "नाही, सारखे नव्हते. थाप मारताना यांचा डावा डोळा जरा बारीक व्हायचा. त्यावरून तर मी पकडायची."

"फोटो काढला तेव्हा काही बोलत होते का?"

"मला म्हणत होते, आज लवकर येतो."

"आले?"

"छे."

अर्धमिट्यांनी समाधानाने मान हलवली. "सावलीत डावाच आहे. म्हणजे बारीक होता. आणि ऊन होतं तो गाल?"

"गाल आत गेलेला. दाढ काढली होती आदल्या आठवड्यात. रडले होते दवाखान्यात, सांगू नका मुलांना."

"आई, मी इथेच उभी आहे," ताई म्हणाल्या.

"माहीत आहे. म्हणून तर सांगितलं."

अर्धमिटे वर गेले आणि कामाला लागले. आईसाठी चित्र मोठं हवं, लांबून कळेल असं हवं, आणि राखाडीच हवं, हे त्यांनी ठरवून टाकलं. रंग ज्यांना दिसत नाहीत त्यांच्यापुढे रंग मांडायचे म्हणजे बहिऱ्याला मिठाईचा वास सांगण्यासारखं, असं ते म्हणाले, आणि या उपमेत काहीतरी गडबड आहे हे दोघांच्याही थोड्या उशिरा लक्षात आलं.

दुपारी खालची यंत्रं घुमायला लागली की ताई वर जाऊन बसत. खोलीला एकच खिडकी, तिला जाड पडदा, आणि पडद्याच्या कडेने आत आलेला उजेडाचा एक पट्टा हळूहळू भिंतीवरून चालत जायचा. काचेवर पेन सरकायचं त्याचा आवाज रेशमी कापडाची घडी उलगडल्यासारखा. सुरुवातीला स्क्रीनवर नुसतं धुकं होतं. मग धुक्यात एक मोठा काळसर आकार आला, त्याच्या शेजारी एक मोठा उजळ. "हे काय?" ताईंनी विचारलं. "हे बाबा आहेत, अजून लांब आहेत," अर्धमिटे म्हणाले, आणि ताईंना खरंच तसं वाटायला लागलं, की रोज दुपारी बाबा कुठल्यातरी दूरच्या रस्त्याने थोडे थोडे जवळ येत आहेत, खांद्यावर पाइप घेऊन, घाई न करता, कारण घाई त्यांनी हयातीत कधी केली नव्हती.

अर्धमिट्यांनी ताईंनाही डोळे मिटायला शिकवलं. पूर्ण नाही, झोप येऊ लागते तेवढेच. तसं बघितलं की खिडकीबाहेरची गल्ली विरघळायची. न्हाव्याच्या दुकानाची पाटी जायची, पाटीवरची अक्षरं जायची, सायकली, टपऱ्या, माणसांची नाकं-डोळे जायचे, आणि उरायचे ते उजेडाचे आणि सावलीचे मोठे मऊ तुकडे, एकमेकांत सरकणारे. एका तुकड्यातून दुसरा निघायचा, आणि तो चालत असला तर समजायचं की तो माणूस आहे. आईला असंच दिसत असेल, ताईंच्या मनात आलं. हे काही अगदीच वाईट नव्हतं. मग त्यांना ही सवयच लागली. इस्त्रीच्या वाफेत, वाळत घातलेल्या चादरींमध्ये, काउंटरवर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकांतसुद्धा त्या डोळे किलकिले करून बघायला लागल्या. एका गिऱ्हाइकाच्या बायकोने त्याला या लाँड्रीत यायची बंदी केली.

मध्येच एका सकाळी अर्धमिटे वैतागून खाली आले. टॅबलेटवरचं चित्रांचं ॲप आपोआप अपडेट झालं होतं आणि त्यांच्या नऊ पायऱ्या विस्कटल्या होत्या. "दुसरा सहाव्याच्या जागी, आठवा वरती, काही पत्ता लागत नाही. माझं कपाट कुणी आवरलं असतं तरी एवढा राग आला नसता."

"माझा फोनही तसंच करतो," ताई म्हणाल्या. "सापडले का मग?"

"न सापडायला काय झालं. डोळे मिटले की कुठलाही राखाडी आपली पायरी सांगतो."

आणि ते पुन्हा वर गेले. त्यानंतर काम झपाट्याने पुढे सरकलं. खड्डा पडलेला गाल आला. टोपीच्या सावलीतला डोळा आला, किंचित बारीक, आणि सावलीत असूनही स्वच्छ दिसणारा. ज्या दुपारी तो डोळा आला त्या दुपारी ताई उठल्या आणि जिन्यात जाऊन बसल्या.

छपाईवाला चित्र घेऊन आला तो शनिवार होता. दादाही आला होता. दादाला सगळ्या गोष्टी मापात लागत. चित्रासाठी खिळा कुठे ठोकायचा याची खूण त्याने आधीच पेन्सिलीने करून ठेवली होती. अर्धमिटे धुऊन आलेला पहिल्या नंबरचा, म्हणजे जवळजवळ पांढरा शर्ट घालून खाली उतरले. इस्त्रीच्या टेबलावर कागदाची गुंडाळी उलगडली.

बाबा हिरवे होते.

नुसते हिरवे असते तर एक वेळ चाललं असतं. गाल हिरवा, कपाळ लिंबासारखं पिवळं, टोपीखालची सावली जांभळी, नाकाची कड नारिंगी, आणि तो बारीक झालेला डोळा गडद निळा.

दादा म्हणाला, "हे बाबा आहेत की फळवाल्याचं दुकान?"

"मला वाटलं मॉडर्न आहे," छपाईवाला म्हणाला. "फाइलमध्ये होतं तेच छापलंय."

ताईंनी वर जाऊन टॅबलेट आणला, सेटिंग शोधलं आणि स्क्रीनचे रंग चालू केले. तिथेही बाबा हिरवे. तेव्हा उलगडा झाला. अपडेटने अर्धमिट्यांच्या राखाडी पायऱ्या विस्कटल्या नव्हत्या, त्या पार उचलून फेकून दिल्या होत्या आणि त्यांच्या जागी आपले भडक रंग आणून ठेवले होते. अर्धमिट्यांच्या स्क्रीनवर रंग बंद. त्यामुळे हिरवा काय, जांभळा काय, त्यांना ते कमी-जास्त उजळ असे राखाडीच दिसले, आणि त्यांनी प्रत्येकाची पायरी अचूक ओळखून तो अचूक जागी लावला. त्या सकाळपासून ते रंगांत चित्र काढत होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

अर्धमिट्यांचे डोळे त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण उघडले. चांगले मोठे होते. ते आधी चित्राकडे आणि मग छपाईवाल्याकडे बघत म्हणाले, "सोमवारी राखाडी करून देतो. एक बटण दाबायचं काम आहे. हे जाळून टाका."

"जाळा काय, आधी गुंडाळा," दादा म्हणाला. "आई मागे जागी आहे. तिने जन्मभर या माणसाचे डबे भरले, त्याला असं विदूषक करून तिच्यापुढे धरायचं? अगं, बघत काय बसलीस, गुंडाळ."

मागच्या दाराशी काठी वाजली. आई उठली होती आणि भिंतीला हात लावत येत होती.

ताईंनी चित्राची कड हातात घेतली. गुंडाळायलाच घेतली होती. पण इतक्या दिवसांची सवय, त्यांचे डोळे आपोआप अर्धे मिटले. आणि हिरवा गेला. जांभळा गेला, नारिंगी गेला, जसे न्हाव्याच्या पाटीवरचे शब्द जात तसे, आणि टेबलावर बाबा होते. ऊन लागलेलं कपाळ, दाढ काढलेला गाल, आणि सावलीत आज लवकर येतो म्हणणारा डोळा. ताईंनी दादाकडे बघितलंही नाही. चित्राची दोन टोकं दोन हातांत धरून त्यांनी ते समोर उभं केलं, दाराचा उजेड नीट पडेल असं.

"अगं, तू काय करतेस," दादा हळू आवाजात म्हणाला.

आई उंबऱ्याशी थांबली. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मान जराशी वळवली, कारण समोर डाग होता आणि कडेने थोडं दिसे. रस्त्यावरून एक गाडी गेली तिचा उजेड चित्रावरून सरकला, तेव्हा बाबा हलल्यासारखे वाटले. छपाईवाल्याने उगाचच आपली टोपी नीट केली.

"टोपी काढा," आई चित्राकडे बघत म्हणाली. "घरात आलाय तुम्ही."

अर्धमिट्यांनी येऊन चित्राचं एक टोक धरलं.

"आई, हे बदलून आणायचंय," दादा म्हणाला. "सोमवारी चांगलं मिळेल. हे नेऊ देत यांना."

"आत्ता तर आलेत," आई म्हणाली. "इतक्यात कुठे पाठवता."

चित्र पेन्सिलीच्या खुणेवर लागलं. दादाने स्वतः खिळा ठोकला आणि ठोकताना सगळा वेळ दुसरीकडे बघत होता. आईची खुर्ची चित्रासमोर आली. सकाळी खिडकीतून उजेड यायचा तेव्हा टोपीखालची सावली हलकी व्हायची, दुपारी दाट व्हायची, आणि आई त्या सावलीशी बोलायची, नळाला पाणी कमी येतं, मुलगी फार राबते, असलं काहीबाही. कधी नुसतीच बसायची. ताई चादरी घेऊन आत-बाहेर करायच्या, आणि त्या दोघांच्या मधून जाताना पावलांचा आवाज होऊ द्यायच्या नाहीत. बाबा हिरवे आहेत हे आईला कुणी सांगितलं नाही. भेटायला येणाऱ्यांना काउंटरवरच सूचना मिळायची, आणि तरी एक लांबची आत्या आत जाऊन "अगं बाई" म्हणालीच. आईने विचारलं, काय झालं. आत्या म्हणाली, काही नाही, पाय मुरगळला.

अर्धमिट्यांनी ते चित्र पुन्हा कधी बघितलं नाही. राखाडी प्रत त्यांनी छापून आणली होती. ती गुंडाळलेलीच राहिली. स्क्रीनचे रंग त्यांनी चालू केले नाहीत, पण ॲपचं अपडेट मात्र कायमचं बंद केलं.

थंडी संपता संपता आईचे डोळे पूर्ण गेले. तिची खुर्ची खिडकीपाशी हलवली. पुढच्या वर्षी त्या भिंतीला ओल आली म्हणून चित्र काढून कपाटामागे ठेवलं, भिंत दुरुस्त करून घेतली, आणि खिळ्यावर आता कॅलेंडर आहे. अर्धमिट्यांनी भाडं वाढलं म्हणून खोली सोडली. घरमालक तिथे जुने टायर ठेवतो.